कुलूप का राहिलं

"बारा निघाली," फोरमन खिडकीशी येऊन म्हणाला. "एक राहिलंय."

ताईने वर पाहिलं नाही. परमिटच्या वहीत ती बाराव्या नावापुढे वेळ लिहीत होती. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावून ती म्हणाली, "कोणतं राहिलंय ते सांगायला आलास?"

"नाही. चार वाजता पाणी सोडायचंय, ते सांगायला आलो."

"सांगितलंस."

तो हलला नाही. हेल्मेट काढलं, आत पाहिलं, परत घातलं.

दोन नंबरचं यंत्र चौदा महिने उघडं होतं. वीजघर बावन्न वर्षांचं झालेलं. सगळं पाडून नवं बांधण्यापेक्षा आहे त्याचीच हाडं बसवून घ्यायची, म्हणजे आणखी तीस वर्षं चालेल, असं वरून ठरलं होतं. तारा नव्या आल्या, बेअरिंगं नवी आली. चाक मात्र जुनंच ठेवलं होतं, दुरुस्त करून. आज त्यावर पहिल्यांदा पाणी पडणार होतं.

पण पाणी अडवणाऱ्या गेटच्या किल्ल्या एका लाल पेटीत असत, आणि आत काम करणारा प्रत्येक माणूस त्या पेटीला आपलं कुलूप लावत असे. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही आणि पेटी उघडेपर्यंत पाण्याचा थेंब सुटत नाही. कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. दुसऱ्याने काढायचं असेल, तर पिवळा फॉर्म. तो फॉर्म एकोणीस वर्षांपूर्वी ताईनेच तयार केला होता, सहा प्रश्नांचा, स्वतःच्या अक्षरात. त्याआधी खडूने फळ्यावर लिहीत आणि बाहीने पुसत.

तिने खण उघडून एक पिवळा कागद काढला.

१. कुलपाचा क्रमांक. कुलूप कोणाचे?

सात.

पुढे तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. हजेरीपट सोडला तर वीजघरात ते नाव कुणी वापरत नव्हतं. सगळे त्यांना दातवाले म्हणत. वेगाने येणारं पाणी चाकाच्या पात्यांना खड्डे पाडतं, दात किडावा तसे. ते खड्डे खरवडायचे, वेल्डिंगने भरायचे, घासून पातं होतं तसं करायचं, हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. "आ करा," असं चाकाला म्हणून ते भोकातून आत शिरत. बाकीचे हसत. ते स्वतः न हसता काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढून घेत.

त्यांच्या स्वतःच्या दोन दाढा पडल्या होत्या.

"बाबा, चाकाच्या भरता, स्वतःच्या कधी भरणार?" लेक विचारायची.

"चाकाला दुखतंय म्हणून सांगता येत नाही. आधी त्याचं."

२. कुलूप लावल्याचा दिवस आणि वेळ.

शनिवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे.

तिला वही बघावी लागली नाही. पण तिने ती बघितली, कारण न बघता लिहायचं नाही हे ती सगळ्यांना शिकवत आली होती.

रोज सकाळी खिडकीवर एकच खेळ चालायचा.

"पुढचा," ती म्हणायची.

"पुढचा मीच."

"नाव?"

"मघाशी चहा दिलास की मला."

"चहा घरी. नाव बोला."

"पत्ताही सांगू? तू राहतेस तिथेच राहतो."

मागची रांग रोज तितकीच हसायची. ती शिक्का जरा जोरात मारायची. एकदा नव्या साहेबांनी हे पाहिलं आणि विचारलं, हे दोघे भांडतात का? फोरमन म्हणाला, "नाही साहेब, नवरा-बायको आहेत." साहेब म्हणाले, "मी तेच विचारतोय."

त्या शनिवारी ती "नाव?" म्हणाली आणि त्यांनी नाव सांगितलं. एका दमात. तिने लिहून घेतलं, कुलूप दिलं आणि म्हणाली, "पुढचा."

३. कुलपाचा मालक सध्या कुठे आहे?

इथे लोक काहीही लिहीत. घरी. रजेवर. सासुरवाडीला. एक फिटर कुलूप तसंच ठेवून दाढी करायला गेला होता, तर ताईने जीप पाठवून त्याला न्हाव्याच्या खुर्चीतून उठवून आणलं. एका गालावर साबण, एक गाल गुळगुळीत. तशा तोंडाने तो चौऱ्याण्णव पायऱ्या उतरला, कुलूप काढलं, परत चढला आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "ताई, उरलेली अर्धी तुम्हीच करा आता." पंधरा दिवस सगळं वीजघर त्याला अर्ध्या म्हणत होतं. पण त्यानंतर कुणाचं कुलूप राहिलं नाही. एकोणीस वर्षांत पिवळे कागद निघाले ते अकरा, तेही सगळे सुरुवातीच्या वर्षांतले.

ताई पेन धरून बसली.

"'आवाराबाहेर' लिहा," फोरमन हळूच म्हणाला.

"आवाराबाहेर म्हणजे परत येणारा माणूस."

"मग..."

"काय, मग?"

फोरमनने खिडकीतून हात आत घातला, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि कागद आपल्याकडे फिरवून लिहिलं: कामावर नाही. पेन परत देताना तो तिच्याकडे बघत नव्हता. त्या जागी उत्तर म्हणून ते चालण्यासारखं होतं. तिने पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

४. कुलूप का राहिले?

(नंतर.)

५. किल्ली कोणी आणली? कुटुंबीयाची सही.

लेक अडीचच्या बसने आली.

ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. वडील गेल्यावर आठ दिवस राहून गेली होती. परवा फोनवर ताई म्हणाली, "बाबांची किल्ली माझ्याकडे आहे, कामाच्या पँटीत सापडली. पण सही तुझी लागेल."

"तूच कर ना. तू बायको आहेस."

"परमिट देणारीने आणि घरच्यांनी एकच सही करायची नाही. दोन वेगळी माणसं लागतात."

"हा नियम कुणी केला?"

"मी."

"वाटलंच."

आता लेक खिडकीबाहेरच्या बाकावर बसली होती. त्या शनिवारी ते याच बाकावर बसले होते. ताईने तिला पाणी दिलं. लेकीने ग्लास हातात धरून ठेवला.

"आई, तू जेवलीस?"

"डबा आणलाय."

"आणलाय ते दिसतंय. जेवलीस का?"

फोरमन आपण तिथे नसल्यासारखा भिंतीवरची आगीची बादली बघत होता.

लेक जेवणाचं विचारते म्हणजे दुसरं काही विचारायचं असतं, हे ताईला ठाऊक होतं. तीन आठवडे ती एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी विचारत होती. बाबा त्या दिवशी काही बोलले होते का? छातीत, हातात, पाठीत काही? डॉक्टर म्हणाले होते की तास-दोन तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ते ऐकल्यापासून लेकीला ते तास-दोन तास शोधून काढायचे होते.

"काही नाही ग," ताईने दर वेळी सांगितलं होतं. "नेहमीसारखे गेले, नेहमीसारखे आले."

लेकीने कागद घेतला, पेन घेतलं, आणि थांबली.

"चार नंबर रिकामा आहे."

"तो मी भरते मागून. तू सही कर."

"रिकाम्या जागेवर सही करू?" लेक जराशी हसली, त्या महिन्यात पहिल्यांदा. "लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना तू काय म्हणायचीस? आधी सगळे रकाने भर, मग माझ्याकडे आण."

४. कुलूप का राहिले?

"'विसरले' लिहा ताई," फोरमन म्हणाला. त्याला वाटलं ती शब्द शोधतेय. "एका शब्दाचं काम आहे. माणूस आहे, विसरतो. साहेब काही विचारणार नाहीत."

तिने 'विस' लिहिलं.

त्या शनिवारी सव्वातीन वाजता ते वर आले. चाकाचं भोक इमारतीच्या एका टोकाला आणि कुलुपांची पेटी दुसऱ्या टोकाला, खाली गेटच्या गॅलरीत. मध्ये ही खिडकी. बावन्न वर्षांपूर्वी ज्याने नकाशा काढला त्याला पायऱ्या चढाव्या लागणार नव्हत्या. नव्या आराखड्यात पेटी खिडकीशेजारी येणार आहे.

ते बाकावर बसले. कामावर असताना ते कधी बसत नसत. चेहरा ओला होता, पण आत उकाडा असतो, सगळेच ओले होऊन येत. ओला असण्याचं तिला काही वाटलं नाही. रंगाचं वाटलं. जुन्या सिमेंटसारखा रंग होता.

"संपलं का?" तिने विचारलं.

"बारा पाती झाली. एक राहिलं. सोमवारी."

"मग कुलूप काढून या, आणि जा घरी."

ते पायऱ्यांच्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज उतरवत नाही ग. राहू दे का? सोमवारी परत लावायचंच आहे."

चौतीस वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे सगळ्या वीजघराला माहीत होतं. दोन फिटर मागे उभे होते, कान टवकारून.

"बरं," ती म्हणाली. "राहू द्या. जा तुम्ही. पडा जरा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हो म्हटलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, किंवा भीती. मग उठून ते गेले, डबा बाकावरच विसरून. तिने तो उचलून आपल्या टेबलाखाली ठेवला.

मागच्या भिंतीवर प्रथमोपचाराच्या खोलीचा फोन होता. हात लांब केला तर पोचेल इतका. तिने हात लांब केला नाही. तिची पाळी सहापर्यंत होती आणि पुढची बाई अजून यायची होती. आठ माणसं आत होती. तिने त्या आठही जणांना नियमाप्रमाणे बाहेर काढलं, प्रत्येकाला पायऱ्या उतरायला लावलं, प्रत्येकाच्या नावापुढे वेळ लिहिली.

सव्वासहाला ती घरी पोचली. ते दाराशीच होते, खुर्चीत. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी सोडलेली.

ती 'विस'कडे बघत होती.

ते विसरले, असं लिहिलं की तिची सुटका होत होती. आणि ज्या माणसाने चौतीस वर्षांत एकदाही कुलूप मागे ठेवलं नाही, तो सरकारी कागदावर कायमचा विसराळू होत होता. नाही लिहिलं, तर लेक समोर बसलेली होती.

तिने 'विस' खोडलं. एकच रेघ मारून, खालचं वाचता येईल असं, कारण खोडायचं तर तसंच खोडायचं. बाजूला सही केली. मग लिहायला लागली आणि एकदाही न थांबता लिहून काढलं:

*कुलूप मालकाने विसरून ठेवलेले नाही. दुपारी ३.१५ वाजता मालकाने पायऱ्या उतरवत नसल्याचे सांगितले. त्यांची प्रकृती बरी नव्हती, हे मला दिसले. मी कुलूप राहू देण्यास परवानगी दिली व त्यांना एकटे घरी पाठवले. प्रथमोपचारास कळवले नाही. माझी पाळी संपेपर्यंत मी खिडकीवर होते.*

फोरमनने उलट्या बाजूने वाचलं. "ताई, हे असं नका लिहू. खिडकी जाईल तुमची."

"जाऊ दे."

"कुणाला उपयोग आहे याचा आता?"

तिने कागद लेकीपुढे सरकवला.

लेकीने वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. ग्लासातलं पाणी तिने बाकावर ठेवलं, अगदी सांभाळून, जणू तेच सांडण्यासारखं राहिलं होतं.

"सव्वातीन," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू घरी किती वाजता पोचलीस?"

"सव्वासहा."

"तीन तास."

"हो."

"मी तुला किती वेळा विचारलं, आई?"

 किती वेळा ते ताईला माहीत होतं.

"बाबांनी कधी काही मागितलं नाही ग. कुणाकडेच. एकदा मागितलं, तेसुद्धा पायऱ्या उतरायला लावू नकोस म्हणून. आणि तू... तुला कळलं होतं. तू हो म्हणालीस म्हणजे तुला कळलंच होतं."

"हो."

"नुसतं हो हो काय करतेस!"

हॉलमधल्या कुणीतरी वळून पाहिलं. लेकीने आवाज खाली घेतला. "मला वाटत होतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुणाचं लक्ष नव्हतं आणि ते गेले. ते मी कसंतरी पचवलं असतं. तेच बरं होतं."

तिने सही केली. नावाखाली तारीख घातली, वेळ घातली. किल्ली फोरमनच्या हातात दिली. आईच्या हातात दिली नाही.

"साडेतीनची बस आहे," ती म्हणाली.

"राहणार होतीस ना उद्यापर्यंत?"

"होते."

ती पर्स खांद्याला लावून हॉलच्या दरवाजाकडे गेली. दरवाजा जड होता, एका हाताने उघडत नसे. तिने दोन हातांनी ढकलला. ताई खिडकीच्या आत उभी राहून तो आपोआप बंद होईपर्यंत बघत होती. फोरमन तिच्या मागे जायला निघाला, तशी ताई म्हणाली, "नको. जाऊ दे तिला. सहावा राहिलाय."

६. यंत्रात शोध घेतला का? कोणी?

"मी घेतला असं लिहा," फोरमन म्हणाला. "सकाळी झाडून काढलंय आतून. आत काय शोधायचं आहे, ताई?"

"ज्याने बघितलं त्याचंच नाव लिहायचं असतं. मी बघते."

"तुम्ही?"

एकोणीस वर्षं ती माणसं आत पाठवत आली होती. स्वतः कधी गेली नव्हती. परमिट देणाऱ्याने आत जायचं कारण नसतं. फोरमनने तिला आपलं हेल्मेट दिलं, ते डोळ्यांवर येत होतं. पाणी सोडायचं म्हणून पुढची बाई आज लवकर आली होती, तिला खिडकीवर बसवून ती निघाली.

भोक छोटं होतं, ओव्हनच्या दारासारखं. आधी पाय, मग कंबर, मग खांदे तिरके करून. फोरमनने आतून हात दिला. साडीचा काठ कशाला तरी अडकला, तिने तो सोडवून घेतला. आत तिला वाटलं होतं तेवढा अंधार नव्हता. एक दिवा टांगलेला होता, आणि त्याच्या उजेडात तेरा पाती गोल उभी होती, माणसापेक्षा उंच, एकाच बाजूला कललेली, वाऱ्यात शेत झुकावं तशी.

"ही त्यांची," फोरमन म्हणाला. "इथून. एकेका पात्यावर वीस-वीस, तीस-तीस खड्डे होते. मूठ जायची काहींत."

ताईने पहिल्या पात्यावर तळवा ठेवला आणि हळूहळू खाली आणला. थंड आणि सपाट. दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यावर दोन्ही तळवे टेकवले. कुठेतरी एखादा उंचवटा, एखादी कड, जिथे त्यांचा हात थांबला असेल. काही लागत नव्हतं.

"कुठे?" तिने विचारलं.

"काय?"

"भरलेलं कुठे आहे?"

"कळणार नाही ताई. मलाही नाही सांगता येणार. कळलं असतं तर पास झालं नसतं."

ती एकेका पात्यापाशी जात राहिली. वाकून, खालच्या कडेपर्यंत. फोरमन दिवा घेऊन मागोमाग चालत होता. शेवटच्या पात्यावर तिच्या बोटांना काहीतरी लागलं. बारीक खरखरीत पट्टा, नखाला जाणवेल एवढा. ती थांबली. बोट पुन्हा त्यावरून फिरवलं.

"हे?"

फोरमनने दिवा जवळ नेला आणि जरा वेळ तो बघतच राहिला.

"नाही ताई. हे तेरावं. हे नंतरचं, कंत्राटदाराच्या माणसाने केलेलं."

तिने हात काढून घेतला.

शोध घेणाऱ्याने निघण्याआधी तीनदा हाक मारायची आणि मिनिटभर ऐकायचं, असा रिवाज होता. लोखंडाच्या आड कुणी बेशुद्ध पडलेलं असलं तर कण्हणं तरी ऐकू येईल, म्हणून. फोरमनने घसा खाकरला, पण ती म्हणाली, "मी बघतेय ना."

तिने हेल्मेट मागे सारलं.

"आत कोणी आहे का?"

आवाज पात्यांमधून फिरून परत आला. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. तिसरी जरा हळू गेली.

मग ती ऐकत उभी राहिली. कुठेतरी वर क्रेनची साखळी वाजली आणि थांबली. भिंतीपलीकडे, गेटच्या मागे, पाणी होतं. ते ऐकू येत नव्हतं, पण लोखंडाला हात लावला की समजत होतं. फोरमन मनगटावरचं घड्याळ बघत होता. मिनिट झालं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अजून ऐकत होती, मान थोडी तिरकी करून. त्याने बाही खाली ओढून घड्याळ झाकलं, आणि दिवा दुसऱ्या हातात घेऊन तोही उभा राहिला.